‘जीभ घसरणे’ म्हणजे ‘स्लिप ऑफ द टंग’ नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई मराठी माध्यमात शिकल्या, सध्या पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करतात आणि त्यांचे वरिष्ठ इंग्लंडमध्ये बसतात. डोकं, डोळे, नाक, कान, तोंड यांवरच्या दोनशे इंग्रजी वाक्प्रचारांची यादी त्यांनी पाठ केली, तरी दोनदा फसगत झाली. पहिल्या वेळी रिलीजच्या आदल्या संध्याकाळी वरिष्ठांनी लिहिलं, ‘लेट्स प्ले इट बाय इयर’. यांना वाटलं, पुढच्या सूचना फोनवर ऐकायच्या आहेत. रात्री साडेअकरापर्यंत हेडफोन लावून बसल्या, फोन काही आला नाही. दुसरी गोष्ट जास्त दुखावणारी. मीटिंगमध्ये एक सहकारी सगळ्यांसमोर त्यांना लागेल असं बोलला. त्याची तक्रार करताना त्यांनी मेलमध्ये लिहिलं, ‘देअर वॉज अ स्लिप ऑफ द टंग फ्रॉम हिम’. उत्तर आलं की काही हरकत नाही, होतं असं कधीकधी. आता त्या विचारतात, माझी पाठांतराची पद्धत चुकते आहे का? हे सगळं लक्षात कसं ठेवायचं?

ताई, तुमच्या पाठांतरात काही खोट नाही. दोनशे वाक्प्रचार पाठ करणाऱ्या माणसाला स्मरणशक्तीचा उपाय सुचवण्यात अर्थ नाही. मी बावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते आणि त्यातली बरीच वर्षं संध्याकाळी नोकरदारांना इंग्रजी शिकवते. तुमच्यासारखी अडचण घेऊन आलेली मंडळी मी खूप पाहिली आहेत. ‘येत नाही’ ही त्यांची अडचण नसते. त्यांना आधीपासून फार येत असतं, अडचण तिथे असते. नाक, कान, डोळे, दात, जीभ यांवरचे शे-दीडशे वाक्प्रचार तुम्ही शाळेत जायच्या आधीच आईच्या आणि आजीच्या तोंडून शिकलात. मेलमध्ये ‘टंग’ दिसलं की सगळ्यात आधी ते मराठी वाक्प्रचार जागे होतात. पाठ केलेली यादी नंतर येते, आणि तोवर अर्थ लावून झालेला असतो.

तुमची दुसरी फसगत याचंच उदाहरण आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. मराठीत ‘जीभ घसरली’ म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रं बघा. एखादा पुढारी सभेत विरोधकाबद्दल काहीतरी अश्लाघ्य बोलतो आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो, अमक्याची जीभ घसरली. म्हणजे पातळी सोडली, मर्यादा ओलांडली. बोलणाऱ्यावर ठपका आहे. इंग्रजीत ‘स्लिप ऑफ द टंग’ म्हणजे मंगळवार म्हणायचं होतं आणि तोंडातून सोमवार निघालं. नव्या सुनेला चुकून नणंदेच्या नावाने हाक मारली. बोलणारा स्वतःच ‘सॉरी, सॉरी’ म्हणतो आणि सगळे हसून पुढे जातात. ठपका कुणावरच नाही. घसरणारी जीभ दोन्हीकडे तीच आहे, पण आपली जीभ चिखलात घसरते आणि त्यांची नुसती पायरी चुकते. तुम्ही तक्रार लिहिली खरी, पण त्या एका शब्दसमूहाने त्या सहकाऱ्याला तुम्हीच माफ करून टाकलंत. तुमच्या वरिष्ठांनी जे वाचलं त्याला उत्तर दिलं. त्यांनी तुमचं म्हणणं धुडकावलं असं निदान या एका उत्तरावरून मी म्हणणार नाही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकते. तुम्ही एसएससीसारख्या (दहावीची नव्हे, सरकारी नोकरभरतीची स्टाफ सिलेक्शन कमिशनची) स्पर्धा परीक्षेला बसणार असाल तर याद्या पाठ करण्याला पर्याय नाही. तिथे वाक्प्रचार देऊन अर्थ विचारतात, चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. तुमचा प्रश्न रोजच्या कामाचा आहे, आणि तिथे समोर कोण आहे यावर सगळं ठरतं. इंग्लंडमधला माणूस चिडलेल्या मित्राला ‘कीप युअर हेअर ऑन’ म्हणेल, म्हणजे ‘डोकं शांत ठेव’. तेच अमेरिकेत म्हटलंत तर समोरचा बुचकळ्यात पडेल. शिवाय तुमच्या मीटिंगमध्ये एखादा जर्मन, एखादा पोलिश, दोन तमिळ मंडळी असतील तर त्यांचीही तुमच्यासारखीच ओढाताण चाललेली असते. अशा वेळी साधं वाक्य सगळ्यांनाच बरं. समजायला शंभर यावेत, वापरायला दहा पुरतात, असं मी माझ्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगते.

मग समजायचे कसे? माझ्या अनुभवात एक गोष्ट कामाला येते. प्रत्येक भाषेने चेहऱ्याच्या प्रत्येक अवयवाला एक काम नेमून दिलेलं असतं. नाक कशासाठी, कान कशासाठी, हे मराठीने एक ठरवलं आणि इंग्रजीने दुसरं. ते काम कळलं की सुटे वाक्प्रचार पाठ करावे लागत नाहीत, निम्मे आपोआप उलगडतात.

नाकाचंच बघा. मराठीत नाक म्हणजे अब्रू. नाक कापलं जातं, नाक ठेचलं जातं, नाक वर करून चालतात, वेळ आली की नाक घासावं लागतं, नाकदुऱ्या काढाव्या लागतात. शूर्पणखेची गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की नाशिक या नावाचा संबंधही लोक त्या नाकाशीच जोडतात. इंग्रजीतलं नाक मुख्यतः शिकारी कुत्र्याचं आहे. ते हुंगतं, माग काढतं, नको तिथे शिरतं. ‘नोजी’ म्हणजे भोचक. ‘अ नोज फॉर न्यूज’ म्हणजे बातमीचा वास येणारा बातमीदार. हे एकदा डोक्यात बसलं की ‘फॉलो युअर नोज’ म्हणजे काय ते न सांगता कळतं. वास येईल तिकडे जा, मनाला वाटेल तसं कर. सरळ पुढे चालत राहा, असाही त्याचा एक अर्थ आहे.

आणि इथेच आपण फसतो. माझ्या वर्गात एक बँकेत काम करणारे गृहस्थ होते. अत्यंत सचोटीचे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. बढतीच्या मुलाखतीसाठी त्यांनी स्वतःची ओळख लिहून आणली. तिसरंच वाक्य होतं, ‘आय ऑलवेज फॉलो माय नोज’. त्यांना म्हणायचं होतं, मी नाकासमोर चालणारा माणूस आहे. ऐकणाऱ्याला कळलं असतं, मी नेहमी अंदाजाने चालतो. कर्ज मंजूर करणाऱ्या खात्यासाठी ही ओळख! आम्ही ते वाक्य खोडून ‘आय गो बाय द रूल्स’ लिहिलं. वाक्प्रचार गेला, पण माणूस जसा होता तसा कागदावर आला.

मग इंग्रजीत अब्रू कुठे राहते? चेहऱ्यावर. ‘लूज फेस’ म्हणजे नाचक्की होणं, ‘सेव्ह फेस’ म्हणजे लाज राखणं. पण हा चेहरा मूळचा इंग्रजांचा नाही. चिनी भाषेत चेहरा म्हणजे प्रतिष्ठा, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १८७० च्या दशकापासून, चीनमध्ये राहणाऱ्या इंग्रजांच्या लिखाणातून तो इंग्रजीत आला. ‘माझं नाक कापलं गेलं’ इतकी धार त्याला नाही. तेवढं लागलं असेल तर ‘आय वॉज ह्युमिलिएटेड’ असं सरळ म्हणावं.

एका ठिकाणी मात्र दोन्ही नाकं जुळतात, आणि मला ते फार आवडतं. ‘कट ऑफ युअर नोज टु स्पाइट युअर फेस’ म्हणजे दुसऱ्यावरच्या रागापायी स्वतःचंच नुकसान करून घेणं. आपल्याकडे ‘आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन’. अपशकुनाची भर तेवढी आपली.

आता तुमचा तो रात्री साडेअकराचा कान. ‘प्ले इट बाय इयर’ संगीतातून आलं आहे. युरोपातल्या अभिजात संगीतात वादकासमोर लिहिलेलं स्वरलेखन असतं. कागद न ठेवता नुसतं ऐकून वाजवायचं म्हणजे ‘बाय इयर’. त्यावरून अर्थ आला, आधी आराखडा न ठरवता प्रसंग येईल तसं करणं. मराठीत आपण म्हणतो, ‘बघू, वेळ येईल तसं ठरवू’. तुमच्या वरिष्ठांनी एवढंच लिहिलं होतं. पण तुम्हाला हा अर्थ सुचला नाही यात नवल नाही. आपल्याकडे गाणं कानानेच शिकतात. गुरूसमोर बसायचं, ऐकायचं, तसंच गळ्यातून काढायचं. तानसेन होता आलं नाही तरी कानसेन व्हावं म्हणतात. आपल्या परंपरेत कानाने वाजवणं हीच शिस्त आहे. त्यांच्याकडे कागद बाजूला ठेवला की शिस्त सैल झाली. ज्या भाषेत कान म्हणजे तालीम, त्या भाषेत वाढलेल्या माणसाला ‘कानाने वाजवू’ म्हटलं तर तो नीट ऐकायलाच बसणार. तुम्ही बसलात.

कानाचं मराठीतलं दुसरं काम म्हणजे शिक्षा घेणं. कानउघाडणी, कानपिचक्या, कान टोचणं, कान पिळणं, सगळं त्याच्याच वाट्याला. इंग्रजीत ‘गिव्ह समवन अ‍ॅन इयरफुल’ हे त्यातलं एक, बाकी तिथला कान बहुतेक वेळा नुसता ऐकतो. अवयवांची अदलाबदल तर जागोजागी सापडते. ऑफिसात रोज ऐकू येणारं ‘हेड्स-अप’ घ्या. ‘जस्ट अ हेड्स-अप, सर्व्हर उद्या बंद राहील.’ मराठीत आपण काय म्हणतो? ‘जरा आधीच कानावर घालून ठेवते.’ त्यांचं डोकं, आपला कान. बातमी पसरते ती त्यांच्याकडे ‘वर्ड ऑफ माउथ’, म्हणजे तोंडाने, आणि आपल्याकडे कर्णोपकर्णी. शब्द आठवत नसेल तर त्यांच्या जिभेच्या टोकावर असतो, आपल्या ओठावर. नवशिका पोरगा त्यांच्याकडे ‘वेट बिहाइंड द इयर्स’ असतो. वासरू किंवा शिंगरू जन्मल्यावर त्याचं अंग वाळतं आणि कानामागची जागा सगळ्यात शेवटी वाळते, असं त्यामागचं चित्र सांगतात. आपल्याकडे त्याच पोराचे ओठ पिळले तर दूध निघतं. वस्तू समोर असून दिसली नाही तर ती त्यांच्या नाकाखाली होती, आपल्या काखेत. ‘काखेत कळसा अन् गावाला वळसा’ आणि ‘अंडर माय नोज’ यांचं काम एकच आहे. पण ‘नाकावर टिच्चून’ आणि ‘अंडर माय नोज’ यांचा घोळ करू नका, कारण नाकावर टिच्चून करण्यात उघड आव्हान आहे.

डोळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते. इथे दोन भाषांमधलं साम्य पाहून मी स्वतः थक्क झाले होते. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ म्हणजे दिसत असून न पाहणं. याची गोष्ट ब्रिटिश नौदलातल्या नेल्सन या सेनानीशी जोडतात. १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावर कॅल्व्हीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १८०१ मध्ये कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठांच्या जहाजावरून माघारीचा निशाणसंकेत आला. तेव्हा त्याने दुर्बीण त्या अधू डोळ्याला लावली आणि मला संकेत दिसत नाही म्हणाला, असं सांगतात. आता आपला शब्द बघा. आपण ‘कानाडोळा’ लिहितो आणि समजतो की कान आणि डोळा दोन्ही फिरवले. मूळ शब्द ‘काणाडोळा’ आहे. काणा म्हणजे एका डोळ्याने अधू. नेल्सनने दुर्बीण लावली तो डोळा आपल्या शब्दात आधीपासून बसलेला होता. हे ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं, त्या दिवसापासून ‘टर्न अ ब्लाइंड आय’चं भाषांतर करताना मला एकदाही थांबावं लागलं नाही.

‘अ‍ॅपल ऑफ माय आय’ हेही असंच. अर्थ, जिवापाड लाडकं माणूस. यातलं सफरचंद म्हणजे डोळ्यातला काळा गोल. तो घट्ट गोळा आहे अशी जुनी समजूत होती, म्हणून त्याला फळाचं नाव दिलं, आणि नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडच्या काळच्या इंग्रजीतही हे सापडतं. त्या काळ्या गोलाला इंग्रजी वैद्यकात ‘प्युपिल’ म्हणतात. तो शब्द लॅटिनमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ छोटी मुलगी, बाहुली. हिब्रूतही त्याच जागेचं नाव म्हणजे छोटा माणूस. आपण काय म्हणतो? डोळ्यातली बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात अगदी जवळून पाहिलं की आपलीच इवलीशी आकृती तिथे उभी दिसते. आपल्या आजीच्या आजीने आणि रोममधल्या कुणा आईने मुलाच्या डोळ्यात वाकून तेच पाहिलं असणार. भाषांतर करताना मात्र मी सफरचंद लिहीत नाही आणि बाहुलीही लिहीत नाही. ‘तिच्या गळ्यातला ताईत’ लिहिते, कारण लाडक्या माणसाला मराठी घरात तेच म्हणतात.

डोळ्यांमधला सगळ्यात मोठा खड्डा ‘सी आय टु आय’ हा आहे. दिसायला हे ‘डोळ्याला डोळा भिडवणे’ वाटतं, म्हणजे न घाबरता सामोरं जाणं. प्रत्यक्षात अर्थ आहे मत जुळणं, आणि वापर बहुतेक नकारार्थी असतो. ‘वी डोंट सी आय टु आय ऑन धिस’ म्हणजे या बाबतीत आमचं जमत नाही. तुमच्या वरिष्ठांनी कधी हे लिहिलं तर कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नाही असा अर्थ लावू नका. मतभेद आहे, एवढंच.

दातांकडे वळते. ‘शो युअर टीथ’ म्हणजे दरारा दाखवणं, अंगात जोर आहे हे दाखवून देणं. मराठीत दात दाखवतो तो हसतो, तेही नको तिथे. ‘ग्रिट युअर टीथ’ म्हणजे निश्चयाने सोसणं, तर आपल्याकडे दात-ओठ खाणारा रागाने धुमसत असतो. पण दातांवरची मला सगळ्यात जवळची म्हण घोड्याची आहे. ‘डोंट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ’. वर्गात ही म्हण आली की कुणीतरी विचारतंच, घोड्याच्या तोंडात बघायचं तरी काय?

मी लहान असताना आजोबांबरोबर बैलांच्या बाजाराला गेले होते. आजोबांनी एका खोंडाच्या नाकाशी हात नेला, अंगठ्याने खालचा ओठ ओढून धरला आणि वाकून पाहिलं. ‘दोनदाती,’ म्हणाले. पलीकडच्याचं तोंड उघडलं, ‘हा जुळलाय.’ मला काही कळेना. मग त्यांनी माझं बोट धरून दाखवलं, मधले दोन दात मोठे आणि रुंद, बाजूचे बारीक दुधाचे. पक्क्या दातांची पहिली जोडी साधारण दोन वर्षांच्या सुमारास येते, आठही आले की जनावर जुळलं, म्हणजे वयात आलं. नंतर धोतराच्या सोग्याखाली दलालाची आणि त्यांची बोटं एकमेकांत काहीतरी बोलत राहिली आणि सौदा झाला. दातांवरून वय आणि वयावरून किंमत, घोड्याचंही हेच. म्हाताऱ्या घोड्याच्या हिरड्या मागे सरकतात, दात लांब दिसतात, म्हणून वय झालेल्या माणसाला इंग्रजीत ‘लाँग इन द टूथ’ म्हणतात. भेट मिळालेल्या घोड्याचं तोंड उघडून पाहणं म्हणजे देणाऱ्यासमोर त्याच्या भेटीची किंमत काढणं. संत जेरोमने सोळाशे वर्षांपूर्वी लॅटिनमध्ये लिहिताना ही म्हण लोकांच्या तोंडची म्हणूनच दिली आहे. आपल्याकडे ‘धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत’. तिकडे घोडा भेट देत, इकडे गाय दान करत. ज्याने एकदा तरी जनावराचा ओठ ओढून पाहिला आहे, त्याला ही म्हण पाठ करावी लागणार नाही, मग ती कुठल्याही भाषेत सांगा.

कपाळ आणि हनुवटी यांचा हिशेब फारच विषम आहे. मराठीत कपाळावर सगळं नशीब लिहिलेलं. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येते आणि लिहून जाते, मग आयुष्यभर कपाळ फुटतं, कपाळाला हात लागतो, कपाळी काही ना काही येतं. इंग्रजीतलं कपाळ जवळजवळ मुकं आहे. म्हणून ‘माझं कपाळ!’ हे इंग्रजीत नेताना ‘फोरहेड’ला हात लावू नका, ‘जस्ट माय लक’ म्हणा. उलट हनुवटीला मराठीत फारसं काम नाही आणि इंग्रजीत दोन ठळक कामं आहेत. ‘टेक इट ऑन द चिन’ मुष्टियुद्धातलं आहे, तडाखा बसला तरी तक्रार न करता सोसणं. ‘कीप युअर चिन अप’ म्हणजे धीर सोडू नकोस. ही हनुवटी मात्र मुष्टियुद्धातली धरू नका. तिथे हनुवटी छातीकडे दाबून ठेवायला शिकवतात, वर केली की तडाखा बसलाच. ही वर केलेली हनुवटी ताठ मानेची आहे.

पैशांच्या व्यवहारातला एक वाक्प्रचार तुम्हाला लगेच उपयोगी पडेल, ‘टेक इट अ‍ॅट फेस व्हॅल्यू’. शेअर घेतले असतील तर दर्शनी मूल्य हा शब्द तुम्हाला ठाऊक असेल. कागदावर दहा रुपये छापलेले असतात, बाजारात भाव काहीही असो. तोच हा ‘फेस’. एखाद्याचं म्हणणं दर्शनी मूल्याला घेणं म्हणजे वर जे दिसतं तेच खरं मानणं, आत खोदून न पाहणं.

एवढं वाचून इंग्रजी वाक्प्रचारांची धास्ती घेऊ नका. पुष्कळ वाक्प्रचार तुम्हाला फुकट मिळालेले आहेत. डोक्यावरून गेलं म्हणजे ‘वेंट ओव्हर माय हेड’. या कानाने ऐकून त्या कानाने सोडणं तिथेही तसंच. भिंतीला तिथेही कान आहेत. नाक खुपसणं, नाक मुरडणं, कान टवकारणं, दुतोंडी असणं, सगळं जसंच्या तसं. ‘लिप सर्व्हिस’ म्हणजे आपलं तोंडदेखलं. ‘फेस’ हे क्रियापदच घ्या, संकटाला तोंड देणं. हे बिनधास्त वापरा. अडतात ते दिसायला सारखे आणि आतून वेगळे असणारे, म्हणून वेळ द्यायचा तो त्यांना.

आता पद्धत. ती दोनशेची यादी बाजूला ठेवा आणि एक साधी वही घ्या. एका पानावर एकच वाक्प्रचार. वर शब्दार्थ लिहू नका. तो कुठे ऐकला ते लिहा, कोण बोललं, कुणाला, आणि बोलताना माणूस खूश होता की वैतागलेला. ठपका होता की कौतुक, हे नक्की लिहा, कारण ‘जीभ घसरणे’मध्ये तुमचं नेमकं तेच हुकलं. त्याखाली एक प्रश्न स्वतःला विचारा. हाच प्रसंग आपल्या घरात घडला असता तर आई काय म्हणाली असती? जे उत्तर येईल ते लिहा. ‘प्ले इट बाय इयर’च्या पानावर ‘बघू गं, वेळ येईल तसं’ असं लिहिलं गेलं की काम झालं. आईच्या वाक्यात कान नाही आला तरी चालेल. उलट न आलेलाच बरा, मग पुढच्या वेळी ‘इयर’ शब्द तुम्हाला हेडफोनकडे नेणार नाही.

शब्दांचे साचे मात्र जसेच्या तसे उचला, त्यात हात घालू नका. ‘कीप अ‍ॅन आय ऑन’मध्ये डोळा एकच, आपले दोन असले तरी. ‘आय अ‍ॅम ऑल इयर्स’मध्ये कान अनेक. ‘अ हेड्स-अप’मध्ये ‘अ’ही आहे आणि ‘स’ही. यांना कारण शोधत बसलात तर वेळ जाईल. ‘हेड ओव्हर हील्स’ घ्या. डोकं टाचांच्या वर, म्हणजे आपण सगळे उभे असतो तसंच की! पूर्वी तो ‘हील्स ओव्हर हेड’ होता, कोलांटीसारखा. मग वापरात उलटला आणि उलटाच रुळला. मराठी बाजूने मदत हवी असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. १८५७ ची आवृत्ती आहे, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. त्यात ‘नाक’ किंवा ‘कान’ शोधून बघा. आपल्याच अवयवांना आपण कायकाय कामं लावली आहेत हे इंग्रजीत समजावलेलं एका जागी सापडतं. मी अजूनही आठवड्यातून दोन-तीनदा तो उघडते.

आता त्या मेलबद्दल, कारण मला तीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जे बोलणं ऐकून तुम्हाला त्रास झाला, ते अजून तुमच्या वरिष्ठांपर्यंत पोहोचलेलंच नाही. अर्थ गैर लागला म्हणून तक्रार सोडून देऊ नका. परत लिहा, आणि या वेळी चेहऱ्याचा एकही अवयव वापरू नका. ‘माय अर्लियर मेल वॉज नॉट क्लिअर. इन दॅट मीटिंग ही स्पोक टु मी रूडली इन फ्रंट ऑफ द होल टीम. इट वॉज नॉट अ मिस्टेक. आय वुड लाइक यू टु टॉक टु हिम.’ त्याने वापरलेले शब्द आठवत असतील तर तेही अवतरणात जसेच्या तसे खाली द्या. मराठीत बोलला असेल तर मराठीतच लिहा आणि पुढे साध्या इंग्रजीत अर्थ द्या. त्या अर्थाबद्दल शंका वाटली तर पाठवण्याआधी इथे विचारा, मी बघून सांगते.